कोमा ते सरस्वती: समूहातल्या दीर्घिका काळाबरोबर किती मंदावतात, ते स्वतः मोजण्यासाठी

एप्रिलच्या मध्यावर, मध्यरात्रीच्या सुमारास, महाराष्ट्राच्या आकाशात जवळजवळ डोक्यावर अरुंधती केश हा फिकट तारकासमूह येतो. त्या दिशेला सुमारे ३३ कोटी प्रकाशवर्षांवर कोमा नावाचा दीर्घिका-समूह आहे. त्यात हजाराहून जास्त दीर्घिका आहेत. सप्टेंबरच्या मध्यरात्री मीन राशी वर असते. तिच्यातल्या एका ठिपक्याएवढ्या जागेत एबेल २६३१ हा समूह आहे आणि त्याचा प्रकाश आपल्याकडे यायला साधारण ३२० कोटी वर्षं लागली आहेत. कोमातल्या दीर्घिका आपण जवळजवळ आजच्या रूपात पाहतो, एबेल २६३१ मधल्या ३२० कोटी वर्षांपूर्वीच्या रूपात.

मग प्रश्न असा, की तेव्हाच्या दीर्घिका आजच्यापेक्षा जास्त तेजस्वी होत्या का? असल्या तर किती? याचं उत्तर घरी बसून, फुकट उपलब्ध माहितीवरून, साध्या लॅपटॉपवर काढता येतं. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं गणित पुरतं. दुर्बीण लागत नाही. लागते ती चिकाटी, कारण इथे खरा बदल लहान आहे आणि त्याच्यावर दिखाऊ बदलांचे थर चढलेले आहेत. ते थर ओळीने उतरवणं हेच सगळं काम.

आधी कागदावर अंदाज करा

नवखे लोक थेट माहिती उतरवायला बसतात. मी आग्रहाने सांगतो, आधी अर्धा तास कागद-पेन घ्या. जो बदल शोधायचा तो किती मोठा आहे हे माहीत नसेल, तर कोणती चूक परवडेल आणि कोणती नाही हे कळणारच नाही.

समूहांमधल्या मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांचे बहुतेक तारे फार पूर्वी, थोड्या काळात जन्मले. नंतर नवे तारे जवळपास झालेच नाहीत. जड, निळे, झगझगीत तारे आधी संपतात आणि मागे हलके, लालसर तारे उरतात. म्हणजे दीर्घिका काहीही न करता नुसती म्हातारी होत मंदावते. याला निष्क्रिय उत्क्रांती म्हणतात. अशा ताऱ्यांच्या समुदायाचं तेज वयाच्या साधारण उणे ०.८ व्या घातानुसार घटतं. हा कामचलाऊ नियम आहे, पण अंदाजाला पुरेसा.

समजा हे तारे ताम्रसृती ३ च्या सुमारास जन्मले. (ताम्रसृती म्हणजे विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप: आकडा जितका मोठा तितका काळ जुना.) तर कोमात त्यांचं वय सुमारे १,१०० कोटी वर्षं आणि एबेल २६३१ मध्ये ८१० कोटी वर्षं. गुणोत्तर १.३६. त्याचा लॉगॅरिदम ०.१३३. त्याला २.५ आणि ०.८ यांनी गुणलं की ०.२७ येतात. म्हणजे दूरच्या समूहातली दीर्घिका स्वभावतः ०.२७ प्रतीने, सुमारे २८ टक्क्यांनी, जास्त तेजस्वी असायला हवी. (प्रत हे उलटं माप आहे: आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट.) हाच हिशेब ताम्रसृती १ साठी केला तर जवळपास एक पूर्ण प्रत मिळते, आणि दूरच्या समूहांवरची प्रत्यक्ष मोजमापं त्याच्या आसपासच येतात.

०.२७ हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

हेच दोन समूह का

कोमाचा मान जुना आहे. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये याच समूहातल्या दीर्घिकांचे वेग तपासून, दिसतं त्याहून खूप जास्त द्रव्य तिथे असलं पाहिजे असं मांडलं. जॉर्ज एबेल यांच्या १९५८ च्या यादीत त्याचा क्रमांक १६५६. आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे तो आकाशगंगेच्या उत्तर ध्रुवाजवळ आहे, त्यामुळे मधली धूळ अगदी कमी.

एबेल २६३१ निवडण्याचं कारण पुण्यात आहे. २०१७ मध्ये आयुका आणि तिथल्याच आयसर या संस्थांमधल्या खगोलशास्त्रज्ञांनी इतर सहकाऱ्यांसोबत सरस्वती हा दीर्घिकांचा महासमूह शोधल्याचं जाहीर केलं. त्यात किमान ४३ समूह आहेत आणि एबेल २६३१ त्याच्या गाभ्यात आहे. शिवाय हा महासमूह स्ट्राइप ८२ या पट्ट्यात येतो. आकाशाच्या विषुववृत्तालगतची ही अडीच अंश रुंदीची पट्टी स्लोन या आकाशाच्या मोठ्या डिजिटल सर्वेक्षणाने पुन्हा पुन्हा छायाचित्रित केली. सगळी छायाचित्रं एकत्र केली, की एका वेळच्या छायाचित्रापेक्षा सुमारे दोन प्रती मंद दीर्घिका दिसतात.

इथे एक गोंधळ आधीच मिटवतो. बातम्यांमध्ये सरस्वतीचं अंतर ४०० कोटी प्रकाशवर्षं असं छापून आलं होतं आणि मी वर ३२० कोटी वर्षं म्हणतो आहे. प्रकाश ३२० कोटी वर्षं प्रवास करत होता, पण त्या काळात विश्व प्रसरण पावलं, त्यामुळे आज तो समूह ३६०-३७० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. बातमीतला आकडा याच आजच्या अंतराचा, पूर्णांकात केलेला. दीर्घिकेचं वय काढताना मात्र प्रवासाचा काळ धरायचा. हे दोन आकडे एकमेकांत मिसळले तर वरचा हिशेब पहिल्याच ओळीत बिघडतो.

माहिती उतरवणं

स्लोन सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर स्कायसर्व्हर नावाची सोय आहे. तिथे एसक्यूएल भाषेत प्रश्न लिहून हव्या त्या भागातल्या दीर्घिकांचा तक्ता मिळतो. एसक्यूएल येत नसेल तरी घाबरू नका, तिथलेच नमुना-प्रश्न घेऊन आकडे बदलले तरी भागतं. तक्ता उघडायला टॉपकॅट आणि गणिताला पायथनमधलं अ‍ॅस्ट्रोपाय, दोन्ही मोफत.

कोमाचं केंद्र विषुवांश १९४.९५ अंश, क्रांती उत्तर २७.९८ अंश (हे आकाशातले रेखांश-अक्षांश). एबेल २६३१ चं विषुवांश ३५४.४ अंश, क्रांती उत्तर ०.२७ अंश. दोन्हीकडे खरं माप सारखं घ्यायचं: केंद्रापासून एक मेगापार्सेक (सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षं) त्रिज्या. आकाशात ती कोमासाठी ३६ कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) होते, म्हणजे वर्तुळाचा व्यास पौर्णिमेच्या चंद्राच्या दुपटीहून जास्त. एबेल २६३१ साठी तीच त्रिज्या जेमतेम ४ कला. दोन्हीकडे सारख्याच कला घेणारे लोक मी पाहिले आहेत. मग एकीकडे समूहाचा फक्त गाभा येतो, दुसरीकडे समूहाबरोबर त्याचा अख्खा परिसर. गाभ्यात लंबवर्तुळाकार दीर्घिका जास्त असतात हे अ‍ॅलन ड्रेसलर यांनी १९८० मध्ये ५५ समूहांवर दाखवलं आहे. त्यामुळे अशी तुलना काळाची न होता जागेची होते.

प्रत्येक दीर्घिकेसाठी स्थान, जी (हिरवट) आणि आर (लाल) फिल्टरमधल्या प्रती, धुळीची दुरुस्ती आणि असेल तर ताम्रसृती घ्या. तक्त्यात प्रतींचे अनेक प्रकार दिसतील. एकूण प्रकाशासाठी सी-मॉडेल प्रत आणि रंगासाठी मॉडेल प्रत वापरा. रंग म्हणजे जी वजा आर, आणि त्यासाठी दोन्ही फिल्टरमध्ये दीर्घिकेचा सारखाच भाग मोजलेला असावा लागतो. धुळीची दुरुस्ती तक्त्यातच तयार असते, वजा करायला विसरू नका.

समूहाचे सदस्य कोण

इथे दोन समूहांसाठी दोन वेगळ्या वाटा आहेत.

कोमासाठी काम सोपं आहे. स्लोन सर्वेक्षणाने आर प्रत १७.७७ पर्यंतच्या दीर्घिकांचे वर्णपट घेतले. कोमाची ताम्रसृती ०.०२३ आणि आतल्या दीर्घिकांच्या वेगांचा पसारा सेकंदाला सुमारे १,००० किलोमीटर. म्हणून ताम्रसृती ०.०१३ ते ०.०३३ मधल्या दीर्घिका सदस्य धरा. पण दोन जागी गळती आहे. एक, वर्णपट घेणारे प्रकाशीय तंतू एकमेकांच्या ५५ विकलांपेक्षा (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) जवळ बसत नाहीत, त्यामुळे दाटीतल्या काही दीर्घिका सुटतात. दोन, फार तेजस्वी दीर्घिका मुद्दाम वगळलेल्या होत्या, कारण त्यांचा प्रकाश शेजारच्या तंतूंच्या नोंदी बिघडवतो. दुसरी गळती नवख्याच्या लक्षात येत नाही, आणि आपल्याला तर तेजस्वी दीर्घिकाच जास्त हव्या आहेत. आर प्रत १५ च्या अलीकडच्या प्रत्येक दीर्घिकेची ताम्रसृती नासाच्या नेड या भांडारातून हाताने तपासा. एक संध्याकाळ जाईल, ती घालवा.

एबेल २६३१ मध्ये १७.७७ ही मर्यादा अगदीच तोकडी. तिथली वैशिष्ट्यपूर्ण मोठी दीर्घिकासुद्धा आर प्रत १९.५ च्या आसपास असते. म्हणून रंगाचा आधार घ्यावा लागतो. आडव्या अक्षावर आर प्रत आणि उभ्या अक्षावर रंग घेऊन आलेख काढला, की समूहातल्या म्हाताऱ्या दीर्घिका एका बारीक, जवळजवळ आडव्या पट्ट्यात ओळीने बसलेल्या दिसतात. ही लाल रेषा. कोमात ती ०.७५ ते ०.८ च्या आसपास, एबेल २६३१ मध्ये १.४ च्या आसपास. पहिल्यांदा ही रेषा विखुरलेल्या ठिपक्यांतून वर येताना पाहिली तेव्हा मी बराच वेळ काही न करता नुसता पडद्याकडे बघत बसलो होतो. शेकडो दीर्घिकांनी एकच वय सांगावं तसं ते दिसतं.

रेषेच्या दोन्ही बाजूंना ०.१ ते ०.१५ एवढी जागा ठेवून आतल्या दीर्घिका घ्या. त्यात मागच्या-पुढच्या काही परक्या दीर्घिका असणारच. त्यांची सरासरी संख्या काढून वजा करायची. त्यासाठी समूहाभोवतीचं कडं घेऊ नका. इतर समूहांसाठी ती पद्धत चालते, पण सरस्वतीत समूहाचा शेजारही त्याच महासमूहाचा आहे. तिथून सरासरी काढली तर परक्यांबरोबर घरचेही वजा होतील. स्ट्राइप ८२ च्या लांबीवर दूरदूरचे वीस-पंचवीस तुकडे निवडा आणि त्यांची सरासरी वापरा. तुकड्या-तुकड्यांतला फरक हीच तुमची त्रुटी.

तुलना प्रामाणिक राहावी म्हणून कोमातही शेवटी फक्त लाल रेषेवरचेच सदस्य ठेवा.

वजाबाक्या, आणि त्यातली एक फसवी

दिसणाऱ्या प्रतीवरून खरी म्हणजे निरपेक्ष प्रत काढताना आधी अंतराची वजाबाकी करायची. हबल स्थिरांक (विश्वाच्या प्रसरणाचा आजचा दर) ७० आणि विश्वातला द्रव्याचा वाटा ०.३ धरला, तर कोमासाठी ती ३५.०, एबेल २६३१ साठी ४०.८. अ‍ॅस्ट्रोपायमध्ये हे एका ओळीत होतं. यात चूक सहसा होत नाही.

चूक होते ती पुढच्या वजाबाकीत. विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशाची तरंगलांबी ताणली जाते. एबेल २६३१ मधून आलेला जो प्रकाश आपण आर फिल्टरमध्ये पकडतो, तो निघताना जास्त निळा होता. म्हाताऱ्या दीर्घिका निळ्या प्रकाशात मंद असतात, विशेषतः ४,००० अँगस्ट्रॉम (४०० नॅनोमीटर) तरंगलांबीच्या अलीकडे त्यांचा वर्णपट पायरीसारखा खाली उतरतो. कोमात आपण दीर्घिकेचा लाल भाग मोजतो आणि एबेल २६३१ मध्ये तिचा त्याहून निळा भाग, म्हणून दूरची दीर्घिका उगाच मंद वाटते. ही भरपाई म्हणजे के-दुरुस्ती. एबेल २६३१ च्या ताम्रसृतीला (०.२८), लंबवर्तुळाकार दीर्घिकेसाठी, आर फिल्टरमध्ये ती सुमारे ०.३ प्रत भरते.

आता वहीचं पहिलं पान उघडा. आपण शोधतो आहोत तो बदल ०.२७. दुरुस्ती ०.३. आणि दोन्ही विरुद्ध दिशेला! तरुण असल्यामुळे दूरची दीर्घिका ०.२७ ने उजळ, ताणलेल्या प्रकाशामुळे ०.३ ने मंद. दुरुस्ती विसरलात तर दोन्ही समूह अगदी सारखे दिसतील, आलेख एकावर एक सुबक बसतील आणि ३२० कोटी वर्षांत काहीच बदललं नाही असा निष्कर्ष तुम्ही आनंदाने लिहाल. माझ्या हातून हेच झालं होतं. उत्तर इतकं नीटनेटकं आलं होतं, की ते तपासावं असं दोन आठवडे मला वाटलंच नाही. एवढ्यासाठी तो कागदावरचा अंदाज आधी करायचा.

के-दुरुस्तीसाठी स्वतः वर्णपट जुळवत बसायची गरज नाही. चिलिंगारियन, मेल्किओर आणि झोलोतुखिन यांनी २०१० मध्ये रंग आणि ताम्रसृती दिली की दुरुस्ती सांगणारी सूत्रं प्रसिद्ध केली. ब्लँटन आणि रोवाइस यांची २००७ ची आज्ञावलीही खूप वापरली जाते. दोन्हींनी करून बघा. दोघींच्या उत्तरांत जो फरक येईल तो त्रुटीत धरा.

अवरक्त के फिल्टरमध्ये काम करणाऱ्यांना हा त्रास बराच कमी होतो, कारण तिथे ही दुरुस्ती दीर्घिकेच्या प्रकारावर फारशी अवलंबून नसते. रॉबर्टो दे प्रोप्रिस आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ताम्रसृती ०.१ ते १ मधल्या ३८ समूहांवर तोच फिल्टर वापरला आणि मोठ्या दीर्घिकांची तेजस्विता निष्क्रिय उत्क्रांतीनुसारच बदलते असं त्यांना आढळलं. तारे ताम्रसृती २ च्याही आधी जन्मले असावेत, असा त्याचा अर्थ.

आलेख आणि शेख्टरचं सूत्र

निरपेक्ष प्रतींचे अर्ध्या प्रतीचे कप्पे करा आणि प्रत्येकात किती दीर्घिका आहेत ते मोजा. मंद बाजूला संख्या हळूहळू वाढत जाते, तेजस्वी बाजूला एका ठरावीक जागेनंतर एकदम कोसळते. पॉल शेख्टर यांनी १९७६ मध्ये या आकाराला एक सूत्र दिलं. त्यात तीन आकडे असतात: एकूण संख्या, मंद बाजूचा उतार आणि कोसळण्याची जागा. ही जागा म्हणजे एम-स्टार. जवळच्या विश्वात, आर फिल्टरमध्ये, ती उणे २१ च्या थोडी पलीकडे येते. काळाबरोबर ती किती सरकली एवढंच आपल्याला पाहायचं आहे.

तीन सूचना. समूहाची सर्वांत तेजस्वी दीर्घिका जुळणीतून काढून टाका. कोमात एनजीसी ४८७४ आणि ४८८९ या दोन्ही काढा. समूहाच्या मध्यभागी बसून शेजाऱ्यांना गिळत वाढलेल्या दीर्घिका या सूत्रात बसत नाहीत, आणि स्लोनच्या आज्ञावलीने त्यांच्या पसरट प्रभावळीचा काही भाग आकाशाची पार्श्वभूमी समजून कापलेलाही असतो. दुसरं, उतार आणि एम-स्टार एकमेकांना ओढतात. म्हणून उतार दोन्ही समूहांत उणे १ असा बांधून फक्त एम-स्टार जुळवा, मग उतार थोडा बदलून उत्तर किती हलतं ते पाहा. तिसरं, एबेल २६३१ मध्ये साध्या छायाचित्रांवर आर प्रत २१.५ च्या पुढे जाऊ नका. त्याच्या पुढे रंगातली त्रुटी लाल रेषेच्या रुंदीपेक्षा मोठी होते. आणखी खोल जायचं असेल तर स्ट्राइप ८२ ची एकत्रित छायाचित्रं घ्या.

उत्तर वाचताना

दोन्ही एम-स्टारमधला फरक पाव प्रतीच्या आसपास यावा. पण एका समूहात एम-स्टारच्या जवळपास दीर्घिका इतक्या कमी असतात, की नुसत्या संख्येची त्रुटीच दोन-तीन दशांश प्रतींची येते. म्हणजे जवळपास शोधायच्या बदलाएवढी. यात तुमची काही चूक नाही. वर सांगितलेल्या अभ्यासात ३८ समूह होते ते याचसाठी.

आणखी एक सावधगिरी. एबेल २६३१ मधल्या आज लाल दिसणाऱ्या दीर्घिका त्या काळी आधीच म्हाताऱ्या झालेल्या होत्या. कोमात आज लाल असलेल्या काही दीर्घिका मात्र ३२० कोटी वर्षांपूर्वी निळ्या, तारे घडवणाऱ्या असू शकतील, आणि तेव्हाच्या लाल रेषेवर त्या मोजल्याच गेल्या नसत्या. त्यामुळे लाल दीर्घिकांची लाल दीर्घिकांशी तुलना केली की समूह आहे त्यापेक्षा जास्त शांत, जास्त जुना वाटतो. हार्वे बुचर आणि ऑगस्टस ओमलर यांनी १९७८ मध्ये ताम्रसृती ०.४ च्या आसपासच्या दोन समूहांत निळ्या दीर्घिकांचं प्रमाण आजच्या समूहांपेक्षा बरंच जास्त असल्याचं दाखवलं. त्या निळ्या दीर्घिका पुढे कुठे गेल्या? समूहात कोट्यवधी अंश तापमानाचा विरळ वायू असतो. त्यातून वेगाने जाणाऱ्या दीर्घिकेचा स्वतःचा वायू समोरच्या दाबाने उडून जातो, असं जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी १९७२ मध्येच मांडलं होतं. वायू गेला की नवे तारे थांबतात, आणि काही शे कोटी वर्षांत ती दीर्घिकाही लाल रेषेवर येऊन बसते.

अशा उशिरा आलेल्या दीर्घिका बहुधा लहान असतात. २००४ मध्ये गाब्रिएला दे लुचिया आणि सहकाऱ्यांना ताम्रसृती ०.८ च्या आसपासच्या समूहांत लाल रेषेच्या मंद टोकाला दीर्घिका कमी आढळल्या. इतर काही गटांना तशी कमतरता दिसली नाही, आणि हा वाद मला या विषयातला सर्वांत जिवंत भाग वाटतो. मोठ्या दीर्घिकांची गोष्ट बरीचशी सुटली आहे, त्या नुसत्या वयाने मंदावतात. लहान दीर्घिका कधी विझल्या, हे अजून मोजायचं आहे. ताम्रसृती ०.२८ ला हा परिणाम फार मोठा नसेल, पण जुळणी झाल्यावर मंद कप्प्यांतले आकडे सूत्राच्या रेषेच्या वर आहेत की खाली, हे पाहिल्याशिवाय फाइल बंद करू नका.

पुढची पायरी सरळ आहे. सरस्वतीतले इतर समूह घ्या. ते सगळे जवळपास एकाच अंतरावर आहेत, म्हणजे अंतराची वजाबाकी तीच, के-दुरुस्ती जवळपास तीच, लाल रेषेची जागाही तीच. प्रत्येकाच्या एक मेगापार्सेकमधल्या दीर्घिका मोजा, परक्या वजा करा आणि सगळे कप्पे एकत्र करा. जवळच्या बाजूला कोमाच्या जोडीला एबेल १३६७, २१९९ आणि २१५१ घ्या, हे तिघेही स्लोनच्या क्षेत्रात येतात. त्रुटी दशांश प्रतीपर्यंत खाली आली की ०.२७ आहे की नाही, हे तुमच्या स्वतःच्या आलेखावर वाचता येईल.